हातातलं खाली ठेवा

ताईच्या दुकानात खुर्ची एकच होती आणि ती गिऱ्हाइकासाठी नव्हती, रेडिओसाठी होती. गिऱ्हाइकाने कपडे टाकावेत आणि घरी जावं; बसून राहिलं की माणूस सल्ले द्यायला लागतो, असं तिचं स्पष्ट मत होतं. रेडिओचं तसं नव्हतं. शनिवारी दुपारी त्या रेडिओतून तिचा सख्खा भाऊ बोलायचा, आणि घरी आलेल्या भावाला उभं ठेवायची तिच्याकडे पद्धत नव्हती.

भावाला ती धाकटा म्हणायची, म्हणून सगळी गल्लीही धाकटाच म्हणायची. पन्नाशी उलटली, डोक्यावर केस नावाला उरले, मुलगी नोकरीला लागली, तरी धाकटा तो धाकटाच. आठवडाभर तो पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचायचा आणि शनिवारी फुटबॉलच्या मैदानावर जाऊन कॉमेंट्री करायचा. दारात उभं राहून त्याने नुसतं "मीटर!" म्हटलं, तरी आतून लोक ओरडायचे, "अगं, धाकटा आलाय!" मग आधी त्याच्याकडून गोल ओरडून घ्यायचे आणि नंतर मीटर कुठे आहे ते दाखवायचे. तो बिचारा ओरडूनही दाखवायचा. एक वाक्य मात्र कुणी कितीही गळ घातली तरी तो मैदानाबाहेर म्हणत नसे. त्या वाक्याची गोष्ट पुढे येते.

कॉमेंट्री त्याला कुणी शिकवली नव्हती. ती आपल्यामुळे आली असं ताई म्हणायची, आणि एरवी बढाया मारणाऱ्यांतली ती नव्हे. लहानपणी ती आईच्या हाताखाली इस्त्रीला उभी राहिली, तेव्हा तिचं तोंड भिंतीकडे आणि पाठ रस्त्याकडे असायची. मान वळवली की कॉलर बिघडायची आणि आईचा धपाटा बसायचा. धाकटा कपड्यांच्या ढिगावर बसून असायचा. त्याला काम नव्हतं, तोंड होतं. "पोस्टमन आला. सायकल लावली. आता कुत्रं आलं. कुत्र्याने त्याला बघितलं. त्याने अजून कुत्र्याला बघितलेलं नाही..." ताईची हसून हसून पुरेवाट व्हायची. पुढे रेडिओवर गेला तरी तो तसाच बोलत राहिला, भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या बहिणीला रस्ता सांगावा तसा. ऐकणाऱ्या प्रत्येकाला वाटायचं, हा आपल्याशीच बोलतोय. बोलत होता तो ताईशी. बाकीचे फुकटात ऐकून घेत होते, इतकंच.

सामना झाला की सोमवारी कामावर जाताना तो दुकानाच्या पायरीपाशी थांबून विचारायचा, "चेंडू कुठे हरवला?"

ताई हातातली इस्त्री न थांबवता सांगायची, "मध्यंतराच्या आधी. तू त्या नव्या पोराच्या केसांचं कौतुक करत बसलास. तोवर चेंडू कुणीकडे गेला, मला पत्ता नाही."

"दिसलाच नाही?"

"तू दाखवलास का? मग?"

तो मान खाली घालून ऐकून घ्यायचा. शहराने डोक्यावर घेतलेला माणूस इस्त्रीच्या दुकानापुढे बोलणी खातोय, हे बघायला समोरचा सलूनवाला मुद्दाम दारात येऊन उभा राहायचा.

ते वाक्यही ह्याच पायरीवर जन्माला आलं. धाकट्याचं रेडिओवरचं पहिलंच वर्ष. सामना संपता संपता गोल झाला, धाकटा किंचाळला आणि ताईने आनंदाच्या भरात दोन्ही हातांनी टाळ्या पिटल्या. तेवढा वेळ इस्त्री शर्टावर आडवी. शर्ट एका नवरदेवाचा, संध्याकाळी घालायचा, आणि पाठीवर इस्त्रीच्या आकाराचं भोक. नवरदेवाने शेवटपर्यंत कोट काढला नाही म्हणून निभावलं. ताईच्या मात्र तोंडचं पाणी पळालं होतं. सोमवारी धाकटा पायरीवर दिसताच तिने त्याला फैलावर घेतलं.

"गोल झाल्यावर काय सांगतोस? आधी सांग ना! आमच्या हातात काही ना काही असतं."

"अगं, आधी मला तरी कसं कळणार?"

"तुला कळतं. तुझा आवाज चढायला लागतो. तेवढ्यात सांगून टाकत जा, हातातलं खाली ठेवा म्हणून. मग होऊ दे गोल, नाही तर न होऊ दे."

पुढच्या शनिवारी चेंडू गोलकडे निघाला, धाकट्याचा आवाज चढला आणि रेडिओतून आलं, "हातातलं खाली ठेवा!" ताईने इस्त्री टाचेवर उभी केली. समोर सलूनवाल्याने गिऱ्हाइकाच्या गालावरून वस्तरा उचलला. कोपऱ्यावरच्या बूटवाल्याने आरी बाजूला ठेवली. मग गोल झाला आणि तिघांनी मोकळ्या हातांनी टाळ्या वाजवल्या.

हां हां म्हणता ते वाक्य शहरभर झालं. सुया, सुऱ्या, उकळत्या किटल्या, सगळं जागच्या जागी थांबायचं. टॅक्सीवाले गाडी कडेला घ्यायचे, आणि मागे बसलेला माणूस घाईत असला तरी तक्रार करायचा नाही, कारण तोही ऐकत असायचा. काम करणाऱ्या माणसाला जो तो लवकर आटप म्हणतो. जरा हात मोकळे करा, असं त्याला म्हणणारं दुसरं कोण होतं? लोकांचा धाकट्यावर जीव होता तो ह्यासाठी. ताईला ते ठाऊक होतं, पण नीट कळलेलं नव्हतं. ते फार पुढे कळलं, आणि तेही भाजल्यावर.

प्रेम पुष्कळ होतं, पदरात काही पडत नव्हतं. रेडिओवाले सामन्यामागे द्यायचे ते येण्याजाण्यात आणि चहात संपायचं. पोट मीटरवर चालायचं, आणि मीटर असतात जमिनीत, लोखंडी झाकणाखाली. रोज वाकून, गुडघे टेकून, टॉर्च मारून आकडे वाचायचे. वाचता वाचता धाकट्याचे गुडघे कामातून गेले. एका सोमवारी बोलणं संपल्यावर तो दुकानाची पायरी उलटा उतरला, दोन्ही हातांनी चौकट धरून, शिडीवरून उतरतात तसा. पायरी एकच होती. ताईने ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. त्या दिवशी मात्र तिने एका पँटला दोनदा चुकीची घडी पाडली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सूपच्या कंपनीचा जाहिरातवाला धाकट्याला भेटला. माणूस चांगला होता, अदबीने बोलायचा. पाकिटातली पूड गरम पाण्यात टाकायची की सूप तयार, असा त्यांचा माल. त्यांना धाकट्याचा आवाज हवा होता, आणि पैसे ते असे देणार होते की दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन होऊन वर महिनाभर घरी बसता यावं.

बातमी गल्लीत फुटायला वेळ लागला नाही. सलूनवाला वस्तरा हातात घेऊनच ताईच्या दारात आला. "आपला माणूस सूप विकणार म्हणे?"

"मग काय झालं?" कोपऱ्यावरून बूटवाला म्हणाला. "तू दाढी फुकट करतोस का?"

"माझी गोष्ट वेगळी. मी दाढीचेच पैसे घेतो. हा लोकांच्या प्रेमाचे घेणार."

"प्रेमाने गुडघा बरा होतो का?" ताईने इस्त्री आपटली. "आवाज त्याचा, गुडघे त्याचे. इतकी वर्षं सगळ्यांनी फुकट ऐकलंत, तेव्हा कुणी विचारलं का, बाबा तुझं कसं चाललंय? आता चार पैसे मिळतायत तर तुमच्या पोटात का दुखतंय? तुमचं काय जातंय त्यात?"

सलूनवाल्याने वस्तरा मिटला. मग जाता जाता म्हणाला, "काहीतरी जातंय, ताई. काय ते मला सांगता येत नाही."

सांगता येत नसेल तर बोलू नये, असं ताईने त्याला ऐकवलं आणि वर त्याच्या दुकानाचे टॉवेल तसेच चुरगळलेले परत पाठवले.

धाकटा त्याच संध्याकाळी आला. पायरीवर न थांबता आत आला, त्यावरूनच काम अवघड आहे हे तिने ओळखलं. "त्यांना ते वाक्य हवंय," तो म्हणाला. "मी म्हटलं, दुसरं काहीही घ्या. माझा फोटो छापा, मी सूप पिऊन दाखवतो, हवं तर वाडगा घेऊन नाचतो. पण त्यांना तेच हवंय. वाक्य तुझं आहे, ताई. तू सांग."

ताईने त्याच्या तोंडाकडे न बघता गुडघ्यांकडे बघितलं. "वाक्याचं काय घेऊन बसलास? उचल आणि देऊन टाक."

"नक्की?"

"अरे, शब्दच आहेत ते. झिजतात थोडेच?"

जाहिरात छान झाली होती, नाही कशाला म्हणा. मैदानावरचा कल्लोळ, धाकट्याचा चढत जाणारा आवाज, "हातातलं खाली ठेवा!", आणि मग एक बाई खिदळत म्हणते, "सूप तयार आहे!" सामना चालू असताना चेंडू बाहेर गेला, कुणी खेळाडू पडला, की तेवढ्या फटीत रेडिओवाले ती वाजवायचे. पहिल्यांदा वाजली तेव्हा सगळी गल्ली फसली. ताईची इस्त्री टाचेवर, वस्तरा हवेत, आरी खाली, सगळे श्वास रोखून उभे, आणि सूप! काय हसले लोक. गालाला फेस लावलेलं गिऱ्हाईक सलूनच्या दारात येऊन हसत होतं. दुसऱ्यांदाही हसले. पुढच्या खेपेला बूटवाल्याने एक शिवी हासडली. पण खरं सांगायचं तर कुणी धाकट्यावर रागावलं नाही. उलट त्याच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा सलूनवाला हॉस्पिटलात जाऊन त्याची दाढी करून आला, आणि पैसे घेतले नाहीत. रागबिग काही नाही. फक्त हात थांबायचे बंद झाले.

ताईच्या ते लक्षातच आलं नव्हतं. धाकटा महिनाभराने मैदानावर परतला. पायरी सरळ चढायला लागला, सरळ उतरायला लागला. त्याला तसं चालताना बघून तिला इतकं बरं वाटायचं की तो गेल्यावरही ती थोडा वेळ रस्त्याकडे तोंड करून उभी राहायची. जाहिरात अजून वाजतच होती. त्या आवाजात कॉलर करायची, बाही फिरवायची, तिला सवय झाली होती.

मग तो शनिवार आला. ताई हॉटेलच्या चादरींना इस्त्री करत होती. रेडिओत कल्लोळ वाढला, धाकट्याचा आवाज चढला, "हातातलं खाली ठेवा!" ताईचा हात चालूच राहिला. चादरीची कड सरळ करता करता ती खिदळणाऱ्या बाईची वाट बघत होती. बाई आलीच नाही. "गोल! गोल! गोल!" धाकटा बेंबीच्या देठापासून ओरडला आणि ताईचे हात आपसूक टाळीसाठी एकत्र आले. उजव्या हातात इस्त्री होती. तिचं टोक डाव्या मनगटावर बसलं.

ती ओरडली नाही. इस्त्री उभी केली, मनगट नळाखाली धरलं आणि वाहत्या पाण्याकडे बघत राहिली. दुखत होतं, पण ती दुखण्याचा विचार करत नव्हती. लहानपणापासून ह्या आवाजाने दाखवलेलं तिने डोळे झाकून खरं मानलं होतं. कुत्रं आलं म्हटलं की कुत्रं आलेलंच असायचं. आज त्याने खरं सांगितलं आणि तिला ते खोटं वाटलं. हे त्याला कळता कामा नये, असं तिने नळापाशीच ठरवलं. कळलं तर आता तो हसतखेळत चढतो ती पायरी त्याला पुन्हा जड होणार.

सोमवारी तो आला. मनगटावर पट्टी आणि पट्टीवर लांब बाही, असा बंदोबस्त ताईने केला होता.

"चेंडू कुठे हरवला?"

"कुठेच नाही. छान सांगितलास सामना."

इथेच ती चुकली. इतक्या वर्षांत तिने त्याला छान म्हटलेलं नव्हतं. धाकटा आत आला आणि तिच्या लांब बाहीकडे बघून म्हणाला, "हात बघू."

"काही नाही रे, वाफ लागली."

त्याने बाही मागे सारली. पट्टी सरकली होती आणि तिच्याखालून लाल डाग बाहेर आला होता, पुढे निमुळता होत गेलेला. इस्त्रीच्या दुकानात वाढलेला माणूस तो. "वाफेला टोक कधीपासून आलं?"

ताईने बाही पुन्हा खाली ओढली.

"रेडिओ बंद पडला होता?"

"नाही."

"मग मी उशिरा म्हणालो?"

"नाही रे. अगदी वेळेवर म्हणालास."

"मग इस्त्री खाली का नाही ठेवलीस?"

काहीतरी थाप मारता आली असती. पण त्याच्या तोंडावर थाप मारायची तिला सवय नव्हती, आणि छान म्हणून बघितलं तर काय झालं ते दिसलंच होतं. "मला वाटलं," ती म्हणाली, "सूप आहे."

धाकट्याने खुर्चीवरचा रेडिओ उचलून मांडीवर घेतला आणि तो खुर्चीत बसला.  बाहेर सलूनवाला दारात आला, आत डोकावला आणि मुकाट्याने परत गेला.

"मी घ्यायलाच नको होते ते पैसे," धाकटा म्हणाला.

"घ्यायलाच हवे होते!" ताई एकदम चिडली. "ह्यात तुझं काही चुकलेलं नाही. तुझे गुडघे गेले होते. तुझा फोटो त्या पाकिटावर असता तर मी दहा पाकिटं आणून इथे मांडली असती. पण ते वाक्य देण्यासारखं नव्हतं. ते ऐकून लोक गालावरचा वस्तरा उचलायचे, धाकट्या. तू मला विचारलंस आणि मी ते उचलून देऊन टाकलं, जुनं फडकं द्यावं तसं." तिचे डोळे भरून आले आणि त्याचाही तिला राग आला. "चूक माझी आहे. तू उगाच तोंड पाडू नकोस."

"त्यांचा करार मोसम संपेपर्यंत आहे. ते वाजवणारच."

"वाजवू देत."

"मग मी काय म्हणू?"

"मला काय विचारतोस? एकदा विचारलंस तेवढं पुरे झालं. बोलघेवडा तू आहेस. बघ काहीतरी." तिने त्याच्या मांडीवरचा रेडिओ घेतला. "आणि ऊठ आता. कामाला उशीर होतोय."

पुढचा सामना शहराच्या संघासाठी मोठा होता. हरले असते तर खालच्या गटात गेले असते. गल्लीत सगळीकडे रेडिओ चालू होते. सूप दोनदा वाजून गेलं. कुणाचाही हात थांबला नाही. मध्यंतर झालं, अजून गोल नाही. ताई भिंतीकडे तोंड करून एकामागून एक शर्ट इस्त्री करत होती. पट्टीखालचं मनगट अजून हुळहुळत होतं, तरी तिचं सगळं लक्ष कानांत होतं. तो ते वाक्य म्हणणार नाही, हे तिला माहीत होतं. काहीच म्हणणार नाही, असंही तिला वाटायला लागलं होतं.

सामना संपत आला तेव्हा आपल्या संघाने चेंडू हिसकावला. धाकट्याने तो दाखवला. डाव्या बाजूने, रेषेला चिकटून, एकाला चुकवून, दुसऱ्याला चुकवून. त्याचा आवाज चढला. ताईच्या हातातली इस्त्री अर्ध्या बाहीवर होती. चेंडू गोलसमोर आला आणि तिथे धाकट्याचा आवाज एकदम उतरला. तो ओरडला नाही. कपड्यांच्या ढिगावरून बोलायचा तशा साध्या आवाजात तो म्हणाला,

"ताई, इस्त्री."

तिला काही कळायच्या आत हाताला कळलं. इस्त्री टाचेवर उभी राहिली. समोरच्या सलूनवाल्याला कुणी बहीण नव्हती आणि त्याच्या हातात इस्त्रीही नव्हती, तरी त्याने वस्तरा गालावरून उचलून लांब धरला. बूटवाल्याने आरी खाली ठेवली. सगळी गल्ली मोकळ्या हातांनी उभी.

चेंडू खांबाला लागून बाहेर गेला.

"अरेरेरे!" गल्लीभर झालं. सलूनवाला तावातावाने दारात आला. "काय हो ताई! तुमच्या भावाने फुकट थांबवलं की सगळ्यांना!"

"खांबाला लागला की नाही?" ताईने विचारलं.

"लागला ना."

"सूप तर नव्हतं?"

"नाही हो, सूप कसलं..." म्हणता म्हणता तो थांबला, हातातल्या वस्तऱ्याकडे बघितलं आणि हसत आत गेला.

ताईने लगेच इस्त्री उचलली नाही. मोकळे हात तसेच टेबलावर ठेवून ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. रेडिओत धाकटा हळहळत पुढचं सांगत होता, आणि चेंडू कुठे आहे ते तिला स्वच्छ दिसत होतं.